किशोरवयातील सततचा दमा : प्रकार, ओळख आणि उपचार

दसरा जवळ आला की हिंगोली जिल्ह्याच्या शिवारांत सोयाबीनच्या काढणीला वेग येतो. मळणीयंत्र, म्हणजे ग्रामीण भागातील हडंबा, रात्री उशिरापर्यंत धडधडत राहतो आणि भुसकटाची बारीक धूळ गावावर उतरते. याच दिवसांत अनेक घरांत रात्रीचा खोकला सुरू होतो. आठवी-नववीत शिकणारा मुलगा पहाटे उठून बसतो, छातीतून सूं-सूं आवाज येतो, शाळेचा चढ चढताना त्याला धाप लागते. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळते, वाफ दिली जाते, दोन दिवसांत मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. धुळीने झाले, हे कारण सर्वांनाच पटते. पुढे दिवाळीच्या फटाक्यांनंतर, मग पौषातल्या थंडीत, नंतर मृगाच्या पहिल्या सरींबरोबर हाच प्रकार घडतो आणि दर वेळी कारण मात्र निराळे सांगितले जाते. वस्तुतः हे चार निराळे आजार नसतात. एकच आजार वर्षभर श्वासनलिकांत असतो आणि निमित्त मिळताच वर येतो. वैद्यकशास्त्र त्यास सततचा दमा म्हणते.

या नावानेच पुष्कळदा गैरसमज होतो. सततचा दमा म्हणजे रुग्णाला चोवीस तास धाप लागलेली असणे नव्हे. सततचा दमा असलेली मुले बहुतेक दिवस इतरांसारखीच खेळतात आणि अभ्यास करतात. सतत असते ती श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावरील सूज. या सुजेमुळे नलिका हळव्या होतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू किंवा जोराची धावपळ यांपैकी काहीही पुरेसे ठरते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साचतो आणि हवा बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. सूं-सूं आवाज त्या अरुंद वाटेचा असतो. दम लागल्यावर घेतलेल्या औषधाने आवळलेले स्नायू सैल होतात व आराम पडतो. परंतु सूज तशीच राहते. मुलाच्या उपचारांचे सारे गणित या एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि नेमकी तीच पालकांपर्यंत क्वचित पोहोचते.

तीन पायऱ्या

दम्याची तीव्रतेनुसार वर्गवारी करण्याची पद्धत अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने रूढ केली. या समितीचा पहिला अहवाल १९९१ चा. १९९७ मधील दुसऱ्या अहवालात आज परिचित असलेले चार वर्ग आले : अधूनमधूनचा दमा, आणि सततच्या दम्याचे सौम्य, मध्यम व तीव्र असे तीन प्रकार. २००७ मध्ये त्यांत सुधारणा होऊन वयोगट निराळे केले गेले. बारा वर्षे व त्यापुढील मुलांना प्रौढांच्या गटात धरण्यात आले. म्हणजे सातवीत पोहोचलेले मूल या हिशेबापुरते मोठ्यांच्या रांगेत बसते.

उपचार सुरू नसलेल्या मुलाचा वर्ग ठरवताना चार प्रश्न विचारले जातात. दिवसा त्रास किती वेळा होतो? रात्री झोपमोड किती वेळा होते? तात्काळ आराम देणारा पंप किती वेळा लागतो? नेहमीच्या कामांत अडथळा येतो काय? यांच्या जोडीला फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी असते. आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक, परंतु रोज नव्हे, असा त्रास आणि महिन्यातून तीन-चार रात्री जाग, ही लक्षणे सौम्य सततच्या दम्याची होत. एका दमात जोराने फुंकलेल्या पहिल्या सेकंदातील हवेचे प्रमाण अशा मुलांत अपेक्षित मापाच्या ८० टक्के वा त्याहून अधिक, म्हणजे जवळपास सर्वसाधारण असते. त्यामुळेच मूल दवाखान्यात ठणठणीत दिसते. त्रास रोजचा झाला, आठवड्यातून एकाहून अधिक रात्री जाग येऊ लागली, पंप दररोज लागू लागला आणि ते प्रमाण ६० ते ८० टक्क्यांवर आले की मध्यम प्रकार समजावा. तीव्र प्रकारात दिवसभर लक्षणे राहतात, बहुतेक रात्री झोप मोडते, चालणे-फिरणे मर्यादित होते आणि फुंकलेली हवा ६० टक्क्यांच्या खाली जाते.

वर्ग ठरवताना सरासरी काढली जात नाही. चार उत्तरांपैकी सर्वांत वाईट उत्तर ज्या वर्गाचे, त्याच वर्गात मूल बसते. दिवसा मुळीच त्रास नाही, पण आठवड्यात दोन रात्री ढास लागून मूल उठते, तर तो दमा मध्यमच. शिवाय वर्षभरात दोन वा अधिक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील असा झटका आला असेल, तर मधले महिने कितीही शांत गेलेले असोत, तो दमा सततचा मानण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. वर्षातून तीन-चार वेळाच होते, असे सांगणाऱ्या घरांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

उपचार सुरू झाल्यावर मोजमाप बदलते. मग लक्षणे किती यापेक्षा, ती आटोक्यात ठेवण्यास औषध किती लागते हे पाहिले जाते. थोड्या औषधावर दोन-तीन महिने आजार आटोक्यात राहिला तर तो सौम्य; भरपूर मात्रा देऊनही राहिला नाही तर तीव्र. त्यामुळे वर्ग हा कायमचा शिक्का नव्हे. आज मध्यम असलेला दमा पुढील वर्षी सौम्य होऊ शकतो आणि औषध मध्येच सोडल्यास उलट प्रवासही घडतो.

सौम्य हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची तपासणी करणारा राष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृतांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांवर सौम्य वा मध्यम दम्याचेच उपचार सुरू होते, आणि ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत मागण्यापूर्वीच किंवा ती पोहोचण्यापूर्वीच दगावले होते. वीस वर्षांखालील २८ जणांचा त्यांत समावेश होता. रुग्णवाहिका काही मिनिटांत येणाऱ्या देशातील ही स्थिती आहे. सेनगाव वा कळमनुरी तालुक्यातील एखाद्या वाडी-तांड्यावरून रात्री दोन वाजता निघणाऱ्या कुटुंबाने तिचा अर्थ आपल्यापुरता लावावा.

दडून राहणारा आजार

भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण असल्याचा अंदाज जागतिक आजारभार अभ्यासात २०१९ या वर्षासाठी देण्यात आला. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात, पण दम्याच्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात, असे ते प्रमाण आहे. आजार इतरत्रही आहे. येथे तो मारतो अधिक. कारणाचा शोध घेताना ग्लोबल अ‍ॅस्थमा नेटवर्कच्या पाहणीकडे जावे लागते. पुण्यासह देशातील नऊ केंद्रांत सव्वा लाखाहून अधिक लोकांची ही पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्ये गेल्या वर्षभरात छातीत घरघर झालेल्यांचे प्रमाण ३.६३ टक्के आढळले. सर्व वयोगट मिळून अशी घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या आजाराचे दमा असे निदानच झालेले नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही निदान न झालेले ७० टक्के होते. श्वासातून घ्यावयाचे सूज कमी करणारे औषध रोज घेणारे तर अडीच टक्क्यांहून कमी भरले.

ही नऊ केंद्रे प्रामुख्याने शहरांतील. हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात, जेथे दमा हा शब्द वृद्धांच्या खोकल्याशी जोडलेला आहे, तेथे कोवळ्या मुलाच्या आजाराला ते नाव देण्यास घरचेच नव्हे तर कधी कधी डॉक्टरही कचरतात. केसपेपरवर ‘अ‍ॅलर्जिक खोकला’, ‘छातीत कफ’ अशी सौम्य नावे पडतात. नाव सौम्य पडले की औषधही पाच दिवसांपुरतेच लिहिले जाते.

किशोरवयाची स्वतःची अडचण वेगळी असते. लहान मुलाची धाप आई ओळखते; पंधरा वर्षांचा मुलगा ती लपवतो. कबड्डीच्या संघातून काढतील, मित्र हसतील, ही धास्ती मोठी असते. मराठवाड्यात दहावी-बारावीपासूनच अनेक मुले पोलीस व सैन्य भरतीच्या तयारीला लागतात. सोळाशे मीटरच्या धावण्यात मागे पडणाऱ्या मुलाला आपला दम कमी आहे, सराव वाढवावा लागेल, असेच वाटते. काहींची श्वासाची जाणीव वर्षानुवर्षांच्या त्रासाने बोथट झालेली असते. नलिका बऱ्याच अरुंद झाल्या तरी त्यांना विशेष काही जाणवत नाही. मुलींच्या बाबतीत धाप अशक्तपणावर वा रक्त कमी असण्यावर ढकलली जाते आणि निदान झालेच तर लग्न जमताना अडचण येईल म्हणून पंप कपाटात जातो. बालपणी दमा मुलग्यांत अधिक आढळतो. वयात आल्यानंतर हे पारडे मुलींकडे झुकते. म्हणजे ज्या वयात मुलीचा दमा सुरू होण्याची वा बळावण्याची शक्यता वाढते, त्याच वयात तो झाकण्याचे दडपणही वाढते.

वय वाढले की बालदमा आपोआप जातो, हा समज अर्धाच खरा आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९६४ पासून सात वर्षांच्या मुलांचा एक गट निवडून त्यांचा पन्नाशीपर्यंत मागोवा घेण्यात आला. केवळ सर्दी-पडशात घरघर होणाऱ्या मुलांपैकी ६४ टक्के लोक पन्नासाव्या वर्षी दमामुक्त होते. बालपणी सततचा दमा असणाऱ्यांत हे प्रमाण ४७ टक्के, तर तीव्र दमा असणाऱ्यांत अवघे १५ टक्के आढळले. यास्तव आपल्या मुलाचा दमा जाणार की राहणार, हे विचारण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे विचारणे इष्ट.

कारणांनुसार प्रकार

तीव्रतेची वर्गवारी आजार किती आहे हे सांगते. तो कशामुळे आहे, हे सांगणारी दुसरी वर्गवारी आहे. किशोरवयात सर्वाधिक आढळतो तो अ‍ॅलर्जीजन्य दमा. घरात कोणाला दमा, वारंवार शिंका वा त्वचेची खाज असते. मुलालाही सकाळी शिंकांची सरबत्ती, नाक चोंदणे, डोळे चोळणे हा त्रास असतो. अंथरुणा-गोधड्यांतील सूक्ष्म कीटक, झुरळे, ओलीची बुरशी, पाळीव जनावरांचे केस व परागकण ही नेहमीची कारणे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि आता बांधाबांधांवर माजलेले गाजरगवत हेही त्यांतलेच. त्याच्या परागांनी त्वचेप्रमाणे श्वासनलिकाही चेतवल्या जातात.

हिंगोलीच्या संदर्भात सोयाबीनची धूळ स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या अचानक साथी आल्या. एकाच दिवशी शेकडो नव्हेत तरी डझनावारी रुग्ण तासाभराच्या अंतराने रुग्णालयांत धडकत; काहींचा मृत्यूही झाला. अशा एकूण २६ साथी नोंदल्या गेल्या. कारखान्यांचा धूर, हवामान असे अनेक संशय तपासल्यानंतर या साथी बंदरात सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळतात असे उघड झाले. धान्य साठवण्याच्या कोठारावर धूळ रोखणारी गाळणी नव्हती आणि सोयाबीनच्या टरफलातील प्रथिने वाऱ्याबरोबर शहरात पसरत होती. गाळण्या बसवल्यानंतर साथी थांबल्या. बाधितांत प्रौढच अधिक होते, हे खरे; परंतु सोयाबीनचे टरफल श्वासातून गेल्यास दमा उसळू शकतो, हे त्या प्रकरणाने निर्विवाद केले. ज्या जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनखाली असते आणि मळणी वस्तीला लागून होते, तेथे दमेकरी मुलास हडंब्यावर कामाला लावू नये, निदान वाऱ्याच्या खालच्या बाजूस उभे करू नये, एवढा बोध त्यातून सहज निघतो.

सोयाबीनपाठोपाठ कापूस येतो आणि उन्हाळ्यात हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे या कामांत घरातली मुले सुटीच्या दिवसांत हातभार लावतात. पॉलिशच्या वेळी उडणारी पिवळी धूळ दमा नसलेल्यालाही खोकला आणते. पऱ्हाट्या, तुराट्या वा गोवऱ्यांवर पेटणारी चूल हे आणखी एक कारण. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून गॅस घरोघरी पोहोचला, तरी पाणी तापवण्यास व भाकरीस अनेक घरांत चूल राहिली आहे. ओसरीवर ओढली जाणारी बिडी आणि बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती यांचाही धूर त्याच श्वासनलिकांत जातो.

काही मुलांत अ‍ॅलर्जीचा पुरावा मिळत नाही. सर्दीचा विषाणू हेच निमित्त असते. झटक्यांचे सर्वांत सामान्य कारणही, अ‍ॅलर्जी असो वा नसो, विषाणूजन्य सर्दीच होय. व्यायामाने उद्भवणारा प्रकार बहुधा धावणे थांबल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत जोर धरतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. शाळेच्या मैदानावर हे लक्षण सहज हेरता येते, शिक्षकाने लक्ष दिले तर. अशा मुलाला खेळ बंद करण्याची गरज नसते. योग्य औषध व सावकाश अंग गरम करून सुरुवात, एवढ्यावर बहुतेक मुले उत्तम खेळतात. तिसरा प्रकार केवळ खोकल्याचा. घरघर नाही, धाप नाही. महिनोन्महिने कोरडी ढास, विशेषतः रात्री. या मुलांना खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या दिल्या जातात. लठ्ठपणासोबत येणारा दमा शहरांत वाढत आहे आणि तो नेहमीच्या औषधांना तितकीशी दाद देत नाही. काही मुलींना मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो. ही बाब विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

अल्पसंख्य मुलांत भरपूर औषध देऊनही दमा हटत नाही. तेव्हा प्रथम औषध खरोखर घेतले जाते काय आणि पंप नीट ओढला जातो काय, हे पाहिले जाते. बहुसंख्य कोडी तेथेच सुटतात. उरलेल्यांत एखाद्याला अ‍ॅस्परजिलस या बुरशीची फुफ्फुसातील अ‍ॅलर्जी निघते, जी भारतात दुर्लक्षून चालणार नाही इतकी आढळते. कधी स्वरयंत्र श्वास घेताना आवळले जाते आणि त्यास दमा समजले जाते. परीक्षेच्या ताणाखालील मुलांत हे विशेष दिसते. आणि वजन घटणे, सायंकाळचा ताप, थुंकीतून रक्त अशी लक्षणे असल्यास क्षयरोगाची तपासणी अगोदर व्हावी. दमा समजून क्षय अंगावर काढणे आणि क्षय समजून दम्याला महिनोन्महिने गोळ्या देणे, दोन्ही चुका घडतात.

तपासणी

दम्याचे निदान एक्स-रे वा रक्ततपासणीवर होत नाही. स्पायरोमेट्री ही फुंकर मारण्याची चाचणी खरी. पंपातून औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदातील हवेत १२ टक्के व २०० मिलिलिटरहून अधिक वाढ झाली तर नलिका आवळलेल्या होत्या आणि मोकळ्या झाल्या, असा पुरावा मिळतो. मात्र चाचणीच्या दिवशी मूल बरे असेल तर निकाल सर्वसाधारण येऊ शकतो. एका चांगल्या निकालाने दमा नाही असे ठरत नाही. जेथे ही सोय नाही तेथे पीक फ्लो मीटर हे हातात मावणारे, वीज न लागणारे साधन उपयोगी पडते. दोन आठवडे सकाळ-सायंकाळ आकडे वहीत लिहिले तर त्यांतील चढ-उतार पुष्कळ काही सांगून जातो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येण्यास २०२४ उजाडावे लागले. तोवर अवघड रुग्णांना नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागत असे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. शाळांतील मुलांसाठी २०१३ मध्ये राज्यातील पालघर येथूनच सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या आजारांचा शोध घ्यावयाचा, त्या यादीत श्वासनलिका आवळण्याचा आजारही आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी पालकांनी रात्रीच्या खोकल्याची माहिती मुलाच्या वहीत लिहून पाठवली तर तपासणीचा उपयोग होईल. त्या एका दिवशी छातीला नळी लावून काही कळेलच असे नाही.

उपचारांतील बदल

सुमारे पन्नास वर्षे सौम्य दम्यावर एकच रीत होती : त्रास होईल तेव्हा साल्ब्युटामॉलचा पंप ओढणे. दम्याविषयी जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ मध्ये ही रीत बारा वर्षांपुढील रुग्णांसाठी मोडीत काढली. नुसत्या साल्ब्युटामॉलवर कोणासही ठेवू नये. प्रत्येक रुग्णाला श्वासातून घ्यावयाचे स्टेरॉइड कोणत्या ना कोणत्या रूपात मिळाले पाहिजे, असे तिने सांगितले. यामागे २०१८ मधील चाचण्यांचा आधार होता. सौम्य दमा असलेल्या बारा वर्षांपुढील रुग्णांना बुडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप गरजेनुसार दिला असता, केवळ आराम देणाऱ्या पंपाच्या तुलनेत तीव्र झटके ६४ टक्क्यांनी घटले. मध्यम व तीव्र प्रकारांत हाच एकत्रित पंप रोज सकाळ-सायंकाळ आणि त्रास झाल्यास अधिकचा, असा दिला जातो. बुडेसोनाइड आणि हा एकत्रित पंप दोन्ही केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तीव्र प्रकारातील काही मुलांना ओमालिझुमॅब, ड्युपिलुमॅब यांसारखी इंजेक्शने उपयोगी पडतात, परंतु त्यांची किंमत सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

स्टेरॉइड म्हणताच पालक धास्तावतात. ही भीती निराधार नाही, पण चुकीच्या जागी आहे. अमेरिकेत सौम्य व मध्यम सततचा दमा असलेल्या १,०४१ मुलांवर झालेल्या अभ्यासात बुडेसोनाइड घेतलेली मुले मोठेपणी इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी उंच राहिली. त्याच गटातील ६८४ जणांची फुफ्फुसे पुढे तरुणपणापर्यंत मोजली गेली तेव्हा केवळ चतुर्थांश मुलांत फुफ्फुसांची वाढ व टिकाव सर्वसाधारण आढळला. ११ टक्के तरुणांची फुफ्फुसे तर तिशीच्या आतच दीर्घकालीन श्वसनरोग जडलेल्या वृद्धांच्या मापात बसत होती. एका बाजूला सव्वा सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराचा श्वास, असा हा हिशेब आहे. शिवाय पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. दर झटक्याला घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांतून जाणारे स्टेरॉइड तिच्या कितीतरी पट असते. पंप नको म्हणून महिन्यातून एकदा इंजेक्शन घेणारे कुटुंब ज्याला भीत असते, तेच अधिक प्रमाणात घेत असते. पंपाची सवय लागते, हा दुसरा समज. दम्याच्या पंपात व्यसन लावणारे काही नसते. औषध थांबवल्यावर त्रास परततो तो सूज परतल्यामुळे.

पंप ओढण्याची रीत शिकवावी लागते. तोंडात फवारा मारून गिळून टाकणारी मुले पुष्कळ आहेत. फवाऱ्याच्या पंपास स्पेसर ही नळी जोडल्यास औषध घशात न अडकता फुफ्फुसांत उतरते. नंतर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

कोजागरीच्या रात्री खिरीतून वा दुधातून दम्याचे औषध देण्याची प्रथा राज्यात अनेक ठिकाणी आहे. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर बथिनी कुटुंबाकडून जिवंत मरळ माशातून दिले जाणारे औषध तर सर्वश्रुत आहे. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातून तेथे जाणाऱ्यांची वहिवाट जुनी. या औषधांनी दमा बरा होतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. श्रद्धेने जाणाऱ्यास कोणी अडवू शकत नाही, मात्र ते घेतल्यावर पथ्य म्हणून पंप बंद करणे धोक्याचे आहे. बिननावाच्या पुड्यांचा मामला याहून गंभीर. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे देशात आढळली आहेत; चटकन गुण येतो तो त्यामुळेच.

झटका आल्यास

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना फासळ्यांमधील व गळ्याजवळील कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीतला आवाज अचानक बंद होऊन मूल सुस्त पडत असेल, तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. आवाज थांबला म्हणजे बरे वाटले, असे मानणे ही यातील सर्वांत घातक चूक. हवा आतच जाईनाशी झाली की आवाजही उरत नाही. मुलाला आडवे न करता बसते ठेवावे. डॉक्टरांनी लेखी आराखडा दिला असेल तर त्याप्रमाणे वागावे. नसल्यास साल्ब्युटामॉलचे चार झोत स्पेसरमधून एकेक करून द्यावेत, २० मिनिटांनी पुन्हा तितकेच द्यावेत आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आराम पडल्यासारखा वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण काही तासांनी झटका उलटू शकतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांत मुले बहुधा आजी-आजोबांकडे गावी राहतात किंवा आई-वडिलांसोबत फडावर जातात. दोन्ही स्थितींत औषधाची साखळी तुटते, आणि तीही थंडीच्या ऐन मोसमात. जाण्यापूर्वी चार महिन्यांचे पंप घेऊन ठेवणे, पंपावरील शिल्लक झोतांचा आकडा पाहण्यास आजीला शिकवणे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत शाळेत मुख्याध्यापकांकडे व दुसरी मुलाच्या दप्तरात ठेवणे, एवढी तजवीज मुकादमाची उचल घेण्याच्या दिवसांतच करता येते. शाळेतील कपाटात कुलूपबंद ठेवलेला पंप मधल्या सुटीत कामास येत नाही. बारा वर्षांपुढील मुलाने तो स्वतःच्या खिशात बाळगावा आणि वर्गशिक्षकास त्याची कल्पना असावी.